जांभूळ मून

जून उजाडला की बदलापूर-कुळगावच्या व्हॉट्सॲपवर चंद्राला स्ट्रॉबेरी लागते. ‘आज रात्री दुर्मीळ स्ट्रॉबेरी मून, चुकवू नका!’ दुर्मीळ कसला? दर वर्षी येतो. गुलाबीही नसतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात जूनमध्ये स्ट्रॉबेरी पिकते, म्हणून तिथल्या पौर्णिमेला ते नाव. आपली स्ट्रॉबेरी महाबळेश्वरहून येते, तीही थंडीत. जूनच्या तोंडावर बदलापुरात पिकतं ते जांभूळ, आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण ‘जांभूळ मून’ म्हटलं तर फॉरवर्ड कोण करणार?

शेजारच्या उल्हासनगरचं ‘मेड इन यूएसए’ आपल्याला ठाऊक आहे: उल्हासनगर सिंधी असोसिएशन! हे चंद्र मात्र अस्सल यूएसएचे. वुल्फ, पिंक, स्टर्जन वगैरे नावं तिकडच्या शेतकरी पंचांगांनी १९३० च्या दशकापासून छापली आणि आपण ती जशीच्या तशी उचलली. स्टर्जन हा मासा आहे. वालधुनी नदीत सोडून बघा, पौर्णिमेपर्यंत टिकला तर मला कळवा.

२०२५ मध्ये या स्ट्रॉबेरी मूनचा अचूक क्षण होता ११ जूनला दुपारी १ वाजून १४ मिनिटांनी. भर दुपारी! घरातल्या बायका आदल्याच दिवशी वडाला सूत गुंडाळून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांना कुणी फॉरवर्ड पाठवला नव्हता, भिंतीवरचं कॅलेंडर पुरलं.

आपल्या पौर्णिमांच्या नावांत पत्ताही असतो. कार्तिकातला पूर्ण चंद्र कृत्तिकांच्या आसपास, माघातला मघांच्या. माघी पौर्णिमेला मलंगगडावर एवढी गर्दी लोटते, पण तिला कुणी ‘स्नो मून’ म्हणत नाही. म्हणू नका, उगाच रिसॉर्टवाले ऐकतील.

‘ब्लू मून’चंही तेच. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरी ब्लू, हा अर्थ १९४६ मध्ये अमेरिकेतल्या एका खगोल मासिकाच्या लेखातल्या चुकीतून रुळला. २०२६ मध्ये १ मे आणि ३१ मे अशा दोन पौर्णिमा. यातली दुसरी आपल्याकडे अधिक ज्येष्ठाची. तिकडे चूक, इकडे गणित. पण आपली पोरं ब्लू मून सांगतात आणि अधिक मास म्हटलं की त्यांना फक्त जावयाचे अनारसे आठवतात.

बरं, बघायचा कधी? गुरुपौर्णिमा, नारळी पौर्णिमा विसरा. त्या दिवसांत कुळगावकर आकाशाकडे बघतो ते लोकल बंद पडणार का, एवढ्यासाठी. पाऊस परतला की मग कोजागिरी. तेव्हा सोसायट्या गच्चीवर जमतात, हॅलोजन लावतात, स्पीकर लावतात, मसाला दूध उकळतात, हाउजी खेळतात. वर चंद्र असतो, असं सेक्रेटरी सांगतात.

आणि बघायचा कुठे? पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो, हे शाळेत ठीक. कल्याणहून कर्जतकडे निघालेली रेल्वे इथे आग्नेयेला वळलेली आहे. त्यामुळे ज्याला स्टेशनवर ‘ईस्ट’ म्हणतात ते आपलं कुळगाव प्रत्यक्षात नैर्ऋत्येला, आणि उल्हास नदी, बॅरेज असलेलं ‘वेस्ट’ ईशान्येला. म्हणजे बदलापुरात चंद्र वेस्टला उगवतो आणि ईस्टला, मलंगगड-चंदेरीच्या रांगेमागे मावळतो! रिक्षावाल्याला ‘पूर्वेकडचा चंद्र बघायचाय’ सांगितलंत तर तो ईस्टच्या कात्रपला सोडेल आणि तुम्ही डोंगराकडे तोंड करून बसाल.

तेव्हा सरळ बॅरेजकडे जा. सूर्य मावळण्याच्या थोडं आधी पोहोचा, मागे टॉवर असू द्या, समोर नदी. २०२६ ची कोजागिरी २५ ऑक्टोबरला आहे. वार रविवार. मेगाब्लॉक आहे का, तेवढं आधी बघून घ्या.