शार्पकाका

कुणाच्या घरी गेल्यावर माणसं आधी माणसांकडे बघतात. शार्पकाका स्क्रीनकडे बघतात. चहा येईपर्यंत माऊस त्यांच्या ताब्यात गेलेला असतो आणि चहा निवेपर्यंत यजमानांच्या कॉम्प्युटरचं रिझोल्यूशन बदललेलं असतं. "तुम्ही यावर काम तरी कसं करता हो?" हा त्यांचा नमस्कार.

असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतोच. आमचे पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. उभी हयात ट्रेसिंग पेपरवर ०.२ च्या रॉटरिंग पेनाने कालव्यांच्या कडा काढण्यात गेली. त्या कालव्यांतून पुढे पाणी गेलं का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. रेघ फुटली नव्हती, एवढं मात्र आजही छातीठोकपणे सांगतात.

त्यांचं दैवत क्लिअरटाइप. मायक्रोसॉफ्टने १९९८ साली जाहीर केलेली ही स्क्रीनवरचं अक्षर रेखीव करण्याची युक्ती २००१ च्या विंडोज एक्स्पीत आली खरी, पण मुळात बंद ठेवलेली. "मग चालू कुणी करायची? आपल्या बिल्डिंगीत मी केली," असं ते स्वातंत्र्यसैनिकाच्या आवाजात सांगतात.

मी भाबडेपणाने विचारलं, की यात नेमकं होतं काय? काकांनी तांब्यात बोट बुडवलं आणि मॉनिटरच्या पांढऱ्या भागावर एक थेंब टेकवला. "बघा आत." थेंबाखाली पांढरं काही नव्हतंच. लाल, हिरव्या, निळ्या उभ्या पट्ट्या, एकीला लागून एक. "एका ठिपक्यात तीन पट्ट्या. क्लिअरटाइप त्या वेगवेगळ्या पेटवतं. म्हणजे आडव्या दिशेला तिप्पट बारकावा, तोही फुकट!" मग चेहरा पडला. "पण त्याचा फायदा उभ्या रेघेला. इंग्रजीचं बरं आहे, त्यांची एल, आय, टी सगळी मंडळी उभीच. आपली शिरोरेषा पडली आडवी! कान्याची सोय झाली, हिचं काय?" सीमाप्रश्नानंतर मराठी माणसावर झालेला हाच मोठा अन्याय असावा, असं मला क्षणभर वाटून गेलं. तेवढ्यात बायको फडकं घेऊन आली.

विंडोजसाठी 'मंगल' फाँट घडवणाऱ्या र. कृ. जोशींबद्दल काका हात जोडून बोलतात. ते अक्षर स्क्रीनवर धुरकट ठेवणाऱ्याशी मात्र बोलतच नाहीत.

बायको तावडीत सापडली ती क्लिअरटाइपच्या ट्यूनरच्या वेळी. त्यात एकामागून एक पाच पानं येतात, प्रत्येकावर त्याच इंग्रजी मजकुराचे नमुने. त्यातला डोळ्यांना बरा वाटेल तो निवडायचा. चष्म्याच्या दुकानातला 'हे बरं की ते बरं'चाच खेळ, फक्त इथे डॉक्टरला पेशंटचं उत्तर मान्य नसतं.

"हा चौथा बरा वाटतोय."

"नाही वहिनी, चौथ्यात 'ई'च्या पोटात मळ आहे. नीट बघा."

"अहो काका, मला सगळे सारखेच दिसतात. तुम्हाला आवडेल तो घ्या."

"असं कसं? डोळे तुमचे आहेत," काका दुखावून म्हणाले आणि स्वतःला आवडलेला घेतला.

शार्पकाका हे नाव पोरांनी ठेवलेलं. त्यांना ते पसंत नाही. टीव्हीचा शार्पनेस शंभरावर नेणारा त्यांच्या लेखी गुन्हेगार. "त्याने धार येत नाही, कडेला नुसती पांढरी किनार येते." २०१८ साली अ‍ॅपलने मॅकच्या मोहावी आवृत्तीत ती पट्ट्यांची युक्ती सोडून दिली, तेव्हा त्यांनी मॅकवाल्या भाच्याला सांत्वनाचा फोन केला. भाच्याकडे दाट ठिपक्यांची रेटिना स्क्रीन. त्याला काही गेल्याचं कळलंच नव्हतं. बँकेत सर्व्हर डाऊन आहे असं सांगणाऱ्या मुलीला ते म्हणाले, "सर्व्हर राहू दे गं, तुझं रिझोल्यूशन बघ आधी."

गेल्या महिन्यात सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरवर मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी उघडी होती. काका पाठीमागून वाकले. "अहो, मॉनिटर १९२० बाय १०८० चा आणि ठेवलाय १२८० बाय ७२० वर! ठिपक्याला ठिपका जुळत नाही, अक्षर फुगणार नाही तर काय?" त्यांनी रिझोल्यूशन मूळ पदावर आणलं, अक्षरं बारीक झाली म्हणून स्केलिंग १२५ टक्के केलं, ट्यूनरची पाच पानं उरकली. मग यादीतल्या पहिल्याच नावावर बोट ठेवलं.

"आता बघा. हा काना बघा, हा 'र' बघा. कसं उठून दिसतंय!"

सेक्रेटरींनी एकदा नावाकडे पाहिलं, एकदा काकांकडे. नाव काकांचंच होतं.

"काका," ते चाचरत म्हणाले, "ही यादी बोर्डावर लावायची आहे."

"लावा की! पण फाँट चांगला मोठा घ्या, गेटवरून वाचता आला पाहिजे."