निफाडची थंडी, सर्व्हरची झोप

निफाडजवळ माझ्या मामाची द्राक्षबाग आहे. औषधांचा, खतांचा आणि मजुरीचा हिशेब तो वर्षानुवर्षं एका लाल वहीत ठेवतो. नाशकात कॉलेज रोडवर बसून संगणकावर पोट भरणाऱ्या त्याच्या भाच्याला, म्हणजे मला, त्या वहीची उगाचच दया आली. चार रविवार घालवून मी तिचं वेब अॅप केलं आणि क्लाउडवर फुकटात जागा मिळाली तिथं टांगलं.

उद्घाटनाला ओट्यावर मामा, मामी आणि माल बघायला आलेला व्यापारी. मामाने मोबाइलवर बोट टेकवलं. पांढरा पडदा. मधोमध एक गोल फिरू लागला.

"लाईट गेली का तिकडं?"

"नाही मामा, सर्व्हर उठतोय."

"आत्ता? साडेअकरा वाजले की!"

लागलं एकच मिनिट. पण चौघांनी मिळून एका गोलाकडे बघत काढलेलं मिनिट सत्यनारायणाच्या चौथ्या अध्यायाएवढं लांबतं. पाचव्यात निदान प्रसादाचा वास तरी येतो.

मग मी कीर्तन लावलं. फुकटच्या जागेत पंधरा मिनिटं कुणी फिरकलं नाही, की अॅप झोपवून टाकतात. नंतर पहिलं गिऱ्हाईक आलं की मोकळं मशीन शोधायचं, त्यावर कंटेनर उतरवायचा, रनटाइम सुरू करायचा, लायब्रऱ्या भरायच्या, डेटाबेसशी जोडणी करायची. त्यात मी एका वहीसाठी जावा आणि स्प्रिंग बूट वापरलेलं. मेथीची जुडी आणायला ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून निघावं तसं. आमच्या धंद्यात या सगळ्याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात.

मामाने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे फूट व्हॉल्व गळतोय. पाइपातलं पाणी उतरून जातं, मग दर वेळी पाणी भरल्याशिवाय मोटर उचलत नाही." एवढं सोपं सांगता आलं असतं तर मीही एव्हाना आर्किटेक्ट झालो असतो.

मी राहतो पंचवटीत. शूर्पणखेचं नाक इथंच कापलं आणि गावाला नाशिक नाव पडलं, असं सांगतात. तिच्या धाकट्या... नव्हे, मोठ्या भावाला, कुंभकर्णाला, उठवायला ढोल-नगारे लागायचे. मीही तेच केलं. दर दहा मिनिटांनी आपणच आपल्या अॅपचं दार वाजवायची सोय लावली. अॅप टक्क जागं! पण फुकटचे तास महिन्याला ७५०. एका अॅपला ३१ दिवसांचे ७४४ तास पुरले असते. माझी होती दोन. दुसरं आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणांचं, तेही जागंच. सोळा तारखेला दोघांनीही मान टाकली. भांडणं मात्र फुकटात चालू राहिली. पुढच्या महिन्यापासून दार वाजवणं बंद.

जानेवारीत मुक्कामाला गेलो तर पहाटे चारला मामाने हलवून उठवलं. निफाडचा पारा उतरला की द्राक्षमण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. म्हणून ओळींमधून शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबक चालू ठेवायचं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. कानटोपीतून नाक तेवढं बाहेर काढून मी म्हणालो, "मामा, आमच्याकडेही हेच करतात. अॅमेझॉनने २०१९ साली लॅम्डासाठी तशी सोय काढली. अॅपच्या काही प्रती आधीच गरम करून ठेवतात. फक्त पैसे पडतात."

"मग ही लाकडं काय सासऱ्याने पाठवली?"

रात्रपाळीच्या दोन गड्यांची हजेरी लावायची होती. मला भरून आलं. अॅपचा खरा उपयोग आत्ताच! मी मोबाइल काढला. पांढरा पडदा, गोल. मामाने बंडीच्या आतून लाल वही काढली, शेकोटीच्या उजेडात दोन रेघा मारल्या, पेन्सिल कानावर ठेवली आणि वही परत आत सारली. तेवढ्यात पडद्यावर पाटी झळकली: पासवर्ड टाका.

मी टाकायला लागलो. बोटं गारठलेली, दोनदा चुकला.

"राहू दे रे," मामा लाकूड सारत म्हणाला. "झोपू दे त्याला. थंडी आहे."