सिक्वेन्सरसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. सिक्वेन्सर,
सामायिक डीएनए प्रयोगशाळा, विद्यापीठ आवार.

स.न.वि.वि.

आपल्याविरुद्ध निम्म्या विद्यापीठाची तक्रार आहे. नळीत जे असेल, तेवढेच आपण वाचता.

आपल्या वाचनाची मूळ पद्धत फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये मांडली आणि १९८० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे दुसरे नोबेल मिळाले. मात्र संशोधकांचे मन राखण्याची सोय त्यांनी तीत ठेवली नाही. आपल्याकडे आता चार अक्षरांना चार रंग, काचेच्या बारीक नळ्यांतून धावणारे तुकडे, शेवटी लेसर. रंग दिसला की अक्षर लिहायचे. कसला हा कोरडा व्यवहार!

वनस्पतिशास्त्राच्या नमुन्यात दोन बुरशा निघाल्या, तर आपण आलेखात शिखरावर शिखर चढवून जागोजागी ‘अक्षर कळले नाही’ या अर्थाचा ‘एन’ लिहून मोकळे झालात. मार्गदर्शकांना एकच बुरशी हवी होती, तीही नवी. नॅनोड्रॉप या मोजणी यंत्राने तर डीएनए भरपूर असल्याचा निर्वाळा दिला होता. तो २६० नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारे सगळेच मोजतो, अगदी आरएनए आणि उरलेसुरले प्रायमरसुद्धा. याला म्हणतात मनाचा मोठेपणा.

सूक्ष्मजीवशास्त्राची मागणीही माफकच आहे: १६एस जनुकाची सुमारे दीड हजार अक्षरे, एका प्रायमरने, एका फेरीत. आपण सात-आठशेच्या पुढे धापा टाकू लागता. उलट बाजूनेही वाचायचे तर दुसऱ्या प्रायमरचा खर्च, आणि अनुदान तर मार्चमध्येच संपले.

काहीजण रिअॅक्शन स्वतः करून पाठवतात. घाईत धुताना मीठ राहते. नमुना विजेच्या ओढीने नळीत शिरताना मिठाचे आयन डीएनएच्या आधी घुसतात आणि सिग्नल मरतो. दोष अर्थातच आपला.

प्रयोगशाळा सामायिक असल्याने शेजारधर्मही पाळला जातो. ९६ खणांच्या प्लेटमध्ये एकाने पाच नमुने द्यायचे आणि प्लेट भरेपर्यंत तंत्रज्ञाला रोज फोन करायचा. दुसऱ्याने डीएनए इतका दाट पाठवायचा की नळी तुंबते. मग तीच नळी वाट्याला येणाऱ्या पुढच्या विभागाने विचारायचे, ‘यंत्र बिघडलंय का हो?’

तरी यापुढे निकाल देताना प्रबंधातील निष्कर्ष आधी वाचून घ्यावेत, ही विनंती. ते लिहून तयार आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मुदतवाढ संपलेले समस्त पीएच.डी. उमेदवार

ता.क.: अर्जावर प्रायमरच्या रकान्यात ‘नेहमीचाच’ असे लिहिले आहे. समजून घ्यावे.