शहर होण्यास २,४४९ माणसे कमी

शहरांच्या वाढीने देश श्रीमंत होतो हा अर्थशास्त्रातील सर्वमान्य सिद्धांत आहे, आणि तो सर्वमान्य असल्यामुळेच या वाढीचा खर्च कोण उचलतो असे विचारणे जाणकारांच्या मेळाव्यात अप्रशस्त मानले जाते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उद्योग एकाच जागी का गोळा होतात याची कारणे दिली : कुशल कामगार हाताशी मिळतात, सुटे भाग आणि सेवा पुरवणारे शेजारीच असतात, आणि एकाचे कसब दुसऱ्याच्या कानावर आपोआप पडते. या तिन्ही कारणांना मिळून आज ‘समूहनाचे लाभ’ म्हणतात, म्हणजे माणसे आणि धंदे दाटीने एकत्र आल्यामुळे प्रत्येकाची उत्पादकता वाढणे. पिंपरी-चिंचवडला हे तिन्ही लाभ मिळतात. खानदेशातील चाळीसगावला त्यांपैकी पहिल्या लाभासाठी कामगार पुरवण्याचा मान मिळतो.

जनगणनेच्या व्यवहारात नगरपालिका असलेले ठिकाण नागरी धरले जाते, आणि ती नसेल तर किमान पाच हजार वस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान चारशेंची घनता आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, अशा तीन कसोट्या लावल्या जातात. मात्र पहिल्या वर्गाचे शहर म्हणवून घ्यायचे तर लोकसंख्या एक लाखावर जावी लागते. २०११ च्या जनगणनेत चाळीसगावची लोकसंख्या ९७,५५१ भरली, म्हणजे ही पायरी चढायला २,४४९ माणसे कमी पडली. २००१ साली हा आकडा ९१ हजारांच्या आसपास होता, तेव्हा दहा वर्षांतील वाढ सात टक्क्यांच्या घरात जाते. त्याच दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली आणि पिंपरी-चिंचवड दहा लाखांवरून सतरा लाखांवर पोहोचले. काही उतावळे अभ्यासक यावरून चाळीसगावची वाढ खुंटली असा निष्कर्ष काढतात, तो अर्थातच चुकीचा आहे. वाढ चाळीसगावचीच आहे, मोजणी तेवढी पिंपरी-चिंचवडच्या भोसरीत होते.

शहरांना पुरवठा करण्याच्या या राष्ट्रसेवेला मोठी परंपरा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई-भुसावळ मार्ग चाळीसगावावरून गेला, १९०० साली तेथून धुळ्याला फाटा निघाला, आणि खानदेशचा कापूस रुळांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे व बंदराकडे वाहू लागला. गावातच सूत कातावे आणि कापड विणावे अशी कल्पनाही पुढे सुचली व गिरणी उभी राहिली. यथाकाल ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या हवाली झाली आणि महामंडळांच्या ताब्यातील गिरण्यांचे जे होते ते होऊन बंद पडली. तालुक्यातील भोरसच्या बेलगंगा सहकारी साखर कारखान्यानेही सहकाराचा सारा अभ्यासक्रम, म्हणजे उभारणी, कर्ज, टाळे आणि विक्री, क्रमाने पूर्ण केला. आता माणसेही त्याच फलाटावरून जातात. कापसाला कच्चा माल म्हणत, माणसांना मनुष्यबळ म्हणतात, एवढी प्रगती मान्य करावी लागेल. तालुक्यात उद्योगच नाहीत असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण येथे मक्यापासून स्टार्च होतो आणि पोलादी दोरखंडही तयार होतात. क्रेनचा अवजड भार पेलणारे हे दोरखंड तालुक्यातील पोरांना धरून ठेवण्याच्या कामी अद्याप वापरून पाहिलेले नाहीत.

माणसांच्या या निर्यातीचा खरा हिशेब पाहायचा तर तो अंदाजपत्रकात नव्हे, संध्याकाळी पुण्याकडे निघणाऱ्या खासगी बसच्या डिकीत पाहावा लागतो. तेथे खताच्या धुतलेल्या गोण्या एकावर एक रचलेल्या असतात; तोंड सुतळीने शिवलेले, अंगावर ठळक अक्षरांत मोबाइल क्रमांक आणि ‘निगडी’ किंवा ‘चाकण’ एवढाच पत्ता, आणि आत कळण्याचे पीठ, भरताची वांगी, तुरीची डाळ, शेंगदाणे, वरच्या बाजूला चुरा होऊ नये म्हणून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या बिबड्या. अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ साली असे मांडले की शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसे गुंतलेली असतात तोवर शहरातील उद्योगाला मजुरी फारशी वाढवावी लागत नाही, कारण गावाकडच्या जगण्याच्या खर्चापेक्षा थोडे अधिक दिले तरी माणूस येतो. लुईस यांनी गोणी पाहिली नव्हती. कंत्राटी पगारात शहरातील खोलीभाडे भागते, पण महिना निघत नाही. जो महिना निघतो तो गोणीमुळे निघतो, आणि म्हणून ही गोणी म्हणजे खानदेशच्या कोरडवाहू शेतकऱ्याने वाहन-उद्योगाला दिलेले अनुदान होय. या अनुदानासाठी कोणत्याही कंपनीला अर्ज करावा लागत नाही. कामगाराने बनवलेला सुटा भाग पुणे जिल्ह्याच्या उत्पन्नात धरला जातो, त्या कामगाराला वीस वर्षे वाढवण्याची आईची मजुरी मात्र राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याच कोष्टकात बसत नाही, कारण बिनमोल घरकाम आणि संगोपन मोजायचे नाही असा जागतिक संकेत आहे.

शहरातून पैसा परत येतच नाही असे नाही. तो येतो आणि गावाबाहेरच्या काळ्या जमिनीत एनए प्लॉट होऊन उभा राहतो. एनए म्हणजे अकृषिक, अर्थात शेतीखेरीज अन्य वापराची परवानगी मिळालेली जमीन. तिचे प्रमुख पीक म्हणजे स्वागत-कमान, चुना फासलेले हद्दीचे खांब आणि एखाद्या महानगराचे नाव. गटार नंतर येते, किंवा येत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर-डोंगरी नद्यांच्या पुराने गावात शिरून पाण्याला आपली जुनी वाट आठवते हे दाखवून दिले, तरी खांबांचे पीक थांबलेले नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांसाठी अठरा विषय नेमून दिले, पण देशातील सर्व नागरी संस्थांचे एकत्रित उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम एक टक्का असल्यामुळे या अठरा विषयांचा अभ्यास बहुधा कागदावरच चालतो. शंभर शहरे स्मार्ट करण्याची मोहीम २०१५ साली निघाली, तिच्यात खानदेशातील एकही शहर नव्हते. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरील शहरांसाठी वेगळा निधी ठेवला, तेथे पोहोचायला चाळीसगावला फक्त नऊ लाख माणसे कमी पडतात.

शहरांमुळे अर्थव्यवस्था वाढते हे खरे आहे आणि चाकणचा पगार चाळीसगावच्या शेतीत मिळाला नसता हेही तितकेच खरे आहे. खोटा आहे तो हिशेब, ज्यात कमाई एका गावाच्या नावावर लागते, खर्च दुसऱ्याच्या, आणि निधी पुन्हा कमाईच्या गावाला मिळतो. शहरांना त्यांच्या डोक्यांच्या संख्येवर पैसा द्यायचा असेल, तर ती डोकी जेथे वाढली त्या गावांनाही त्यातील वाटा द्यावा, एवढीच साधी दुरुस्ती पुरेशी आहे. त्यासाठी नवे सर्वेक्षण नको, नवी समितीही नको. जनगणनेच्या प्रश्नावलीत जन्मस्थानाचा रकाना पूर्वीपासून आहे, आणि तो भरणारे आपले काम चोख करतात. निधी वाटणाऱ्यांनी तो वाचावा.