हे नाही चालत, दुसरं द्या

नाणे सरकार पाडते, पण ते चालते की नाही हे मराठवाड्यात गल्ल्यावर बसलेला माणूस ठरवतो. नांदेड आणि लातूरकडे हा अधिकार फार जुना आहे. इथे, निजामाच्या राज्यात, हाली सिक्का चाले, ब्रिटिश हद्दीत कलदार. अधिकृत भाव असा : १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा हिशेब ज्याने बसवला, त्याला रयतेचे अपूर्णांक पक्के करायचे असावेत. रयतेने मात्र सात हालीला सहा कलदार एवढेच लक्षात ठेवले. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली आणि या गणिताला रूळ मिळाले. माल लातूरला हालीत घ्यायचा, बार्शीला कलदारात विकायचा, मधला बट्टा सराफाचा. निजामाच्या नोटेवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही रक्कम छापलेली असे. बट्टा बसायचा तो चारही भाषांत सारखाच. सोन्याचे वजन मात्र हद्द ओलांडली तरी तेवढेच भरे. शेतकऱ्याने यातून घ्यायचा तो धडा घेतला आणि हातात चार पैसे आले की तो सराफ्याकडे वळू लागला.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे संस्थान गेले, हाली मात्र पुढे काही वर्षे रेंगाळली. ती जाते न जाते तोच १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली. रुपयाचे चौसष्ट पैसे होते, त्यांचे शंभर नवे पैसे झाले. सरकारी तक्त्यात एका आण्याला सहा नवे पैसे, दोन आण्यांना बारा आणि तीन आण्यांना एकोणीस. तिसऱ्या आण्यात जास्तीचा पैसा कुठून उगवला, हे तक्ता पाहून ग्राहकाला कळत नसे. दुकानदाराला न पाहताच कळे. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून बंद झाले, तरी माणसाची अक्कल अजून चाराण्यातच मोजली जाते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा सोयाबीन नुकतेच घरात आले होते. चलनातल्या रकमेपैकी ८६ टक्के एका भाषणात कागद झाली. त्यानंतर नीतिमत्तेची लाट आली. वर्षानुवर्षे तोंड चुकवणारे उधारीवाले जुन्या नोटा घेऊन दारात उभे राहू लागले आणि सावकारच ‘राहू द्या, सावकाश द्या’ म्हणू लागले. डाळीच्या डब्यातली बायकांची शिल्लक नवऱ्यांना प्रथमच कळली. काळा पैसा बाहेर काढण्यात मोहिमेला मिळालेले हे निर्विवाद यश. शेतकऱ्यांची खाती जिल्हा बँकेत, आणि १४ नोव्हेंबरपासून जिल्हा बँकांनाच जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. आडतीवर पट्टीसोबत धनादेश आला आणि तो वटेपर्यंत शेतकरी कागदोपत्री श्रीमंत राहिला. शेवटी बाद झालेल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी रुपये बँकांत परत आले. म्हणजे पैसा काळा असलाच, तर तो रांगेत उभा राहून पांढरा झाला.

काळ्या पैशावर उपाय म्हणून हजारची नोट गेली आणि दोन हजारांची आली. हजारात न मावणारा काळा पैसा दोन हजारांत कसा मावणार नाही, यावर बराच विचार झाला असावा, कारण १९ मे २०२३ रोजी तीही मागे घेण्यात आली. आता ती बदलून मिळते फक्त रिझर्व्ह बँकेच्या एकोणीस कार्यालयांत. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. नांदेड-लातूरला त्यातल्या त्यात जवळ हैदराबाद.

एवढे शिक्षण झालेला माणूस दहा रुपयांच्या नाण्याकडे संशयाने पाहतो, यात त्याचा दोष नाही. कुठल्या नाण्यावरच्या रेघा दहा, कुठल्यावर पंधरा. मग एक खरे आणि दुसरे खोटे असणारच. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये या नाण्याचे चौदाही नमुने वैध असल्याचे जाहीर केले आणि शंकानिरसनासाठी १४४४० या क्रमांकावर मिस्ड कॉल देण्याची सोय केली. तो कॉल ग्राहकाने द्यावा, नाणे मात्र परत घेऊन जावे, असा बाजाराचा निर्णय आहे.