शिध्यापुरते कुटुंब

सप्टेंबर २०२४ च्या आरंभी सरकारने जाहीर केले की समलिंगी जोडीदारांस शिधापत्रिकेच्या कामी एकाच कुटुंबातील समजावे. आणि त्या क्षणापासून झाशीच्या बडा बाजारात, एखाद्या दुकानाच्या माळ्यावरील दोन खोल्यांत, वीस वर्षे एका चुलीवर रांधून जेवणाऱ्या ज्या कोणी दोन बायका असतील, त्या इतर सर्व बाबतींत परस्परांस त्रयस्थ राहून दरमहा दहा किलो धान्यापुरत्या मात्र एकमेकींच्या झाल्या. माणशी पाच किलो हा दर आहे. त्याहून जास्त आपलेपणा सरकारी गोदामात शिल्लक नाही.

कुटुंब म्हटले की प्रमुख आला, आणि खरी मौज येथे सुरू होते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचे तेरावे कलम असे फर्मावते की घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री हीच शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख समजावी. आमच्या इकडे तिला मुखिया म्हणतात. आपल्या सर्वांच्या परिचयाचे ते सद्गृहस्थ, ज्यांची ‘व्यक्तिशः काही हरकत नसते’, आवाज खाली आणि खुर्ची पुढे घेऊन जो एकच प्रश्न विचारतात, म्हणजे “पण मग दोघींत नवरा कोण?”, त्याचा निकाल या कलमाने केवळ जन्मतारखेवर लावून टाकला आहे. गोत्र पाहिले नाही, पत्रिका जुळवल्या नाहीत, मानपानावरून कोणाचे मामा रुसले नाहीत. थोरली कोण ते आधार कार्डावरून पाहिले, तिचे नाव वर लिहिले, धाकटीचे खाली लिहिले, रेशनच्या कोटेदाराने यंत्र पुढे सरकवले, थोरलीने अंगठा टेकला, यंत्राने पावती ओकली, आणि जो संसार मान्य केल्याने संस्कृती रसातळाला जाणार होती तो गहू-तांदळाच्या पिशव्यांसह जिना चढून वर गेला. संस्कृती त्या वेळी खाली पान जमवीत होती. तिला कळलेही नाही. त्याच सद्गृहस्थांच्या घरी शिधापत्रिका असेल तर तीवर ते स्वतः आईच्या किंवा पत्नीच्या खाली, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत, नुसते सदस्य म्हणून लिहिलेले असतील. तो कागद त्यांनी आजवर वाचलेला नाही, आणि वाचला तर कुटुंबसंस्थेवरील संकटाविषयी ते अधिक अधिकारवाणीने बोलू शकतील.

बँकांचे तसेच. २८ ऑगस्ट २०२४ रोजी खुलासा निघाला की अशा जोडप्यांनी संयुक्त खाते उघडण्यास किंवा जोडीदाराचे नाव नामनिर्देशित करण्यास कोणतेही बंधन नाही. बंधन पूर्वीही नव्हते. डाळीच्या धंद्यातील दोन भागीदारही संयुक्त खाते उघडतात, आणि त्यांच्यासाठी कोणी पेढे वाटल्याचे स्मरत नाही. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे काय, हे मात्र त्या खुलाशात नाही, ते येथे सांगतो. नामनिर्देशित म्हणजे हमाल. थोरली वारली की बँक रक्कम धाकटीच्या हाती ठेवील आणि धाकटीने ती कायदेशीर वारसाच्या दारी पोचती करावी, असा आपला जुना न्याय आहे; आणि वारस कोण ते १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे पंधरावे कलम सांगते. अविवाहित, अपत्यहीन स्त्रीचे आईबाप. ते नसल्यास बापाचे वारस. म्हणजे बहुधा तो भाचा, जो दिवाळीला फोनसुद्धा करीत नव्हता. मृत्युपत्र करून ठेवावे, असे शहाणे लोक सुचवतात. ठेवावेच. परंतु हे शहाणे लोक स्वतः मृत्युपत्रावाचून निर्धास्त घोरत असतात, कारण त्यांच्या बायकोला विधवा होण्यासाठी दोन साक्षीदार लागत नाहीत. आणि आयुष्यभराच्या सोबतीचा पुरावा ज्या एकीकडेच मागितला जातो तिने तो देताना वर कृतज्ञही असावे, ही अपेक्षा मला निर्लज्ज वाटते. याहून निर्लज्ज एक पत्र आहे, २१ ऑगस्ट २०२४ चे, ज्यात राज्यांस कळवले की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदारास प्रेत ताब्यात घेता यावे. उपलब्ध नसतील तेव्हा! थोरलीचा श्वास चालू असताना धाकटीच्या सहीला इस्पितळात किंमत असेलच असे नाही. श्वास थांबला, भाचा आला नाही, आणि प्रेत हलवायचे राहिले, की सरकारला नाते आठवते.

उत्तराखंडात २०२५ च्या जानेवारीपासून समान नागरी कायदा आहे. तेथे अविवाहित स्त्रीपुरुष एकत्र राहून महिना उलटला व नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्यांना नोंद नको त्यांना तुरुंगाचे भय घालून नोंदवहीकडे हाकायचे, आणि ज्या दोघी नोंदवही कोठे आहे म्हणून विचारीत फिरतात त्यांना सांगायचे की ती वही स्त्रीपुरुषांचीच आहे. डेन्मार्कने समलिंगी जोडप्यांसाठी अशी वही १९८९ साली उघडली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने विवाह नाकारला, नोंदणीकृत सहजीवनही तीन विरुद्ध दोन मतांनी नाकारले, आणि अडचणींचा विचार एका समितीकडे सोपवला. तांदूळ, खाते आणि प्रेत ही तिन्ही त्यानंतरची फळे.

झाशीला या प्रकाराचे नवल वाटण्याचे कारण नाही. नोव्हेंबर १८५३ मध्ये याच शहरात इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष राजघराण्यात एक दत्तकविधान झाले, आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने ते नाते राज्यापुरते नामंजूर केले. राज्यापुरते, हे लक्षात घ्यावे. खासगी चीजवस्तूपुरता दत्तकाचा वारसा कंपनीनेही मानला होता. ज्या लुटारूंच्या नावाने आपण दीडशे वर्षे बोटे मोडली, त्यांनी जेवढे दिले तेवढेही द्यायला आपले मन होत नाही.

तरीही वारसाहक्क अगदीच नाही असे कोणी म्हणू नये. थोरली वारली की तेरावे कलम पुन्हा जागे होते: घरात उरलेली सर्वांत वडील स्त्री आता धाकटीच, म्हणून मुखियापद कोणाच्या हरकतीवाचून, नजराण्यावाचून तिच्याकडे चालत येते. खोल्या भाच्याच्या, ठेव भाच्याची, बांगड्या भाच्याच्या. शिधापत्रिका तेवढी तिची. फक्त पत्ता बदलल्याचा अर्ज तिला करावा लागेल, कारण माळ्याला तोवर भाच्याचे कुलूप लागलेले असेल, आणि पुरवठा कचेरीतील कारकून त्याच अर्जावर दहाचे पाच किलो करून घेईल.