अडलेल्या स्टेअरिंगची तक्रार

गाडीत बसावं, चावी घालावी आणि ती फिरूच नये. स्टेअरिंग जेमतेम बोटभर हलतं आणि टक्कन थांबतं. मागे कुणीतरी आपली गाडी बाहेर काढायला खोळंबलेलं असतं. अशा वेळी माणूस चावीवर जोर काढतो आणि चावी वाकते, कधी तिचं पातं आतच तुटतं. मग कुलूपवाला शोधा, तुकडा काढून घ्या, चिप असलेली चावी पुन्हा कोडिंग करून बनवा. खर्च काही हजारांत जातो आणि दिवस बुडतो तो वेगळाच. एवढं सगळं होतं तेव्हा गाडीत बिघाड कसलाच झालेला नसतो. कुलूप आपलं काम चोख करत असतं. माझी तक्रार आहे ती ते उघडायचं कसं हे गाडीच्या मालकाला वेळेवर कुणीच सांगत नाही, याबद्दल.

आतली रचना साधी आहे. स्टेअरिंगच्या दांड्याला खाचा असतात आणि इग्निशनच्या कुलपाला स्प्रिंगवर बसवलेली एक खीळ असते. चावी काढली की खीळ मोकळी होते. समोर खाच असेल तर ती लगेच आत बसते. नसेल तर दांड्याला टेकून राहते आणि स्टेअरिंग जरा फिरलं की खाचेत पडते. त्यामुळे आपण गाडी लावतो तेव्हा लॉक झालेलं नसतं, आणि उतरताना होतं. ज्यांचे गुडघे दुखतात ती माणसं स्टेअरिंगला धरूनच सीटवरून उठतात. ती दुसरं धरणार तरी काय? मागे राहिलेलं मूल पुढे येऊन गाडी चालवल्यासारखं करतं. पुढची चाकं वळलेल्या अवस्थेत फुटपाथला टेकलेली असली, तर पिळलेलं टायर स्टेअरिंगला स्वतःकडे ओढत राहतं. हा ताण खिळेवर येतो, खीळ खाचेत आवळली जाते आणि चावीला ती मागे ओढता येत नाही.

उपाय खिळेवरचा ताण काढण्याचा. स्टेअरिंग दोन्हीकडे हलवून बघायचं. एका बाजूला ते मुळीच हलत नाही, दुसऱ्या बाजूला किंचित सरकतं. जिकडे सरकतं तिकडे ते दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं चावी हलकेच फिरवायची. चाकं फुटपाथला दाबलेली असतील तर स्टेअरिंगवर चांगलाच जोर लावावा लागतो. चावीवर मात्र कधीच नाही. एकानं स्टेअरिंग धरावं आणि दुसऱ्यानं चावी फिरवावी, हेही चालतं. लॉक वारंवार अडत असेल तर त्यात तेल ओतू नये, कारण तेलाला धूळ चिकटते. ग्राफाइटची पूड वापरावी. हे सगळं सांगायला मिनिटभर पुरतं.

आणि हे मिनिट कुणी देत नाही. गाडीच्या पुस्तिकेत या गोष्टीला दोन-तीन ओळी मिळतात. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली असते आणि बहुतेकदा इंग्रजीत असते. टायरमधल्या हवेचा दाब दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, एअरबॅगचा इशारा सन व्हायझरवर असतो. मग चावीच्या भोकाशेजारी चार शब्दांची पट्टी लावायला काय हरकत आहे? नव्या गाडीची डिलिव्हरी देताना शोरूममध्ये हार घालतात, फोटो काढतात, ब्लूटूथ जोडून देतात. स्टेअरिंग लॉक करून आणि उघडून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

ड्रायव्हिंग स्कूलकडे तर याला काहीच सबब नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या एकतिसाव्या नियमात शिकवणीचा अभ्यासक्रम दिलेला आहे. स्टेअरिंग, हँडब्रेक, इग्निशन यांची ओळख त्यातच येते. प्रत्यक्षात उमेदवार येईपर्यंत गाडी चालू करून ठेवलेली असते. तो बसतो, क्लच सोडायला शिकतो, परीक्षेपुरती गाडी मागे घ्यायला शिकतो आणि लायसन्स मिळवतो. पुढे कधीतरी स्टेअरिंग अडतं. त्यात नव्यानं शिकलेली बाई असेल तर पार्किंगमध्ये तिच्याभोवती चार जण जमतात. त्यातला एक जण खिडकीतून हात घालतो, स्टेअरिंगला हिसका देतो, चावी फिरवतो आणि 'काही नाही हो, सोपं असतं' म्हणून निघून जातो. काय केलं ते सांगत नाही. या वागण्याचा मला मनापासून राग येतो. जे सोपं आहे ते सांगून जायला किती वेळ लागतो?

हे लॉक चोरासाठी आहे, हे मला मान्य आहे. अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून लागू झालेल्या मानकानुसार चावी काढल्यावर इंजिन सुरू होता कामा नये, आणि शिवाय स्टेअरिंग तरी अडलं पाहिजे किंवा गाडीची पुढे जाण्याची सोय तरी बंद झाली पाहिजे. म्हणजे स्टेअरिंगच अडवलं पाहिजे, असं त्या मानकाचंही म्हणणं नव्हतं. स्वीडनच्या साब कंपनीनं ९९ या मॉडेलमध्ये चावीचं कुलूप दोन सीटांच्या मधे ठेवलं. तिथे गिअर रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय चावी निघत नसे, आणि निघाली की गिअरबॉक्सच अडकून राहत असे. स्टेअरिंगला हात लावून उतरणाऱ्याला त्याचा काही त्रास नव्हता. पुढे इमोबिलायझर आला. चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू राहतच नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो बंधनकारक आहे. अमेरिकेत अलीकडे ह्युंदाई आणि किया गाड्या चोरण्याची लाट आली, तीही इमोबिलायझर नसलेल्या मॉडेलांवर. म्हणून ज्या गाडीत इमोबिलायझर आहे, तिच्यात चोराला अडवण्याचं खरं काम चिप करते आणि खिळेचा काच मालकाला होतो, असं माझं मत आहे.

आपल्याकडच्या जुन्या सोसायट्यांत हा काच शेजाऱ्यांपर्यंत पोहोचतो. जागा कमी म्हणून एका गाडीमागे दुसरी आडवी लावायची, हँडब्रेक न ओढता न्यूट्रलला ठेवायची, म्हणजे आतल्याला निघायचं असेल तर वॉचमन ती ढकलेल. व्यवस्था चांगली आहे. पण मालकानं चाकं वळलेली ठेवून चावी काढली आणि स्टेअरिंग अडलं, तर ढकललेली गाडी सरळ जाण्याऐवजी भिंतीकडे किंवा तिसऱ्याच्या बंपरकडे वळते. वॉचमनला बोलणी बसतात. त्या बिचाऱ्याकडे चावी नाही आणि असती तरी त्याला हे कुणी शिकवलेलं नाही. ज्यांना अशी गाडी लावावी लागते त्यांनी आधी चाकं सरळ करावीत, एवढी सूचना प्रत्येक सोसायटीच्या फलकावर हवी.

बटणानं चालू होणाऱ्या गाड्यांत ही खीळ बहुधा छोट्या मोटरवर चालते. तिथेही ताण असला की गाडी सुरू होत नाही, आणि बटण दाबता दाबता स्टेअरिंग हलवावं लागतं. बॅटरी उतरलेली असेल तर खीळ हलतच नाही. आधी दुसऱ्या गाडीवरून वायर जोडून वीज द्यावी लागते. उलट, इंजिन बंद असताना पॉवर स्टेअरिंग जड लागतं तेव्हा लोक त्यालाही लॉक झालं म्हणतात. जड स्टेअरिंग जोर लावला की फिरत राहतं, लॉक झालेलं ठरावीक जागी अडतं. एवढा फरक ठाऊक नसल्यामुळे टोइंगवाल्याला बोलावलं जातं.

शेवटची गोष्ट सगळ्यांत गंभीर आहे. घाटाच्या उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे लोक आजही आहेत. इंजिन बंद झालं की पॉवर स्टेअरिंगची मदत जाते आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. चावी चुकून लॉकपर्यंत फिरली आणि निघाली, तर पुढच्या वळणावर स्टेअरिंग अडेल. म्हणूनच बऱ्याच गाड्यांत चावी शेवटच्या खुणेपर्यंत न्यायला आत दाबावी लागते, आणि ऑटोमॅटिकमध्ये गिअर पार्कला असल्याशिवाय ती निघत नाही. ती दाबायची का असते, हे शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी, गाडी उभी असताना, त्याच्याच हातानं करून दाखवा.